नागपूरहून नीलाचलास मोटारीनें

जगन्नाथपुरीस आपल्याकडील मंडळी जातात ती बहुधा आगगाडीनें. रात्रभर डब्यांत हिंदकळत जावें, पंड्याच्या हातीं आपणांस सोंपवावें, देवदर्शन, समुद्रस्नान, खाजाचा एक पुडा, आणि तिसऱ्या दिवशीं परत. पुण्यसंचयाच्या दृष्टीनें यांत कांहीं उणें आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु पुरी म्हणजे केवळ एक देऊळ नव्हे. तें देऊळ चालावें म्हणून चित्रकार, शिंपी, सुतार, कुंभार अशीं घराणींच्या घराणीं पिढ्यान् पिढ्या राबत आलीं आहेत, आणि त्यांचीं गांवें वाटेवरच पडतात. आगगाडीच्या खिडकींतून त्यांतील एकही दिसत नाहीं. म्हणून ज्यांच्या घरीं मोटार आहे व ती हांकणारा शांत डोक्याचा माणूस आहे, त्यांनीं हा प्रवास रस्त्यानें करावा असें मी आग्रहानें सुचवितों.

आम्ही पांच जण होतों. थोरल्या वहिनी, वय ७८, चार धामांपैकीं तीन झालेलीं व पुरी तेवढी राहिलेली, त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, गाडी हांकावयास, त्याची मुलगी, चित्रकलेच्या महाविद्यालयांत शिकणारी, आमची मंडळी, आणि मी. आखणी करतांना घरांत दोन पक्ष पडले. वहिनींना देव हवा होता आणि नातीला चित्रें. वहिनींचें म्हणणें असें कीं, चित्रें काय, कोठेंही विकत मिळतात. तोच दिवस वांचला तर आणखी एकदां दर्शन होईल. नात म्हणे, "आजी, दर्शन तर तूं घेणारच आहेस. मग रघुराजपूर कां टाळायचें?" शेवटीं मीं पंचांग काढलें. माघ शुद्ध सप्तमी जवळ आली होती, आणि रथसप्तमीच्या त्या पहाटे कोणार्काजवळ चंद्रभागेचें मोठें स्नान असतें. स्नान म्हटल्यावर वहिनी कोणार्कास राजी झाल्या. रघुराजपूर मात्र 'पाहूं पुढें' यावर राहिलें.

नागपूर, रायपूर, संबळपूर, अंगूल, कटक, भुवनेश्वर असा हा रस्ता ८०० किलोमीटरांहून कांहींसा अधिक भरतो. आम्हीं रायपूर व संबळपूर येथें मुक्काम करून तो तीन दिवसांत काटला. रस्ता रुंद आहे, मालमोटारी फार आहेत, आणि दुपारीं जेवणानंतर हांकणाऱ्यास डुलकी येऊं नये म्हणून कोणी तरी त्याच्याशीं बोलत राहावें लागतें. तें काम माझ्याकडे आलें, आणि मास्तरकी जिभेवरून अजून उतरली नसल्यामुळें मीं त्याला इतिहास सांगितला. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा याच दिशेनें पूर्वेस उतरल्या. भास्करराम कोल्हटकर १७४४ मध्यें वाटाघाटीसाठीं म्हणून अलीवर्दीखानाच्या तंबूंत गेले आणि तेथें दग्यानें मारले गेले. १७५१ च्या तहानें ओरिसा भोसल्यांकडे आला व १८०३ पर्यंत राहिला. 'अटकेपासून कटकेपर्यंत' हें आपण अभिमानानें म्हणतों तेव्हां त्यांतील कटक तें हेंच. मात्र अभिमान धरावयाचा तर हिशेबाची दुसरी बाजूही ठेवावी. शेजारच्या बंगाल्यांत आपल्या स्वारांना 'बर्गी' म्हणत, आणि तो शब्द तेथें आया मुलांना भीति घालण्यासाठीं वापरीत. हा 'बर्गी' म्हणजे आपलाच 'बारगीर'. पुतण्या हें ऐकून म्हणाला, "काका, मग तिकडे आपण कुठले म्हणून सांगायचें?" मीं म्हटलें, नागपूरचे म्हणून सांग, आणि ते काय म्हणतात तें ऐकून घे.

खरा प्रवास भुवनेश्वराच्या पुढें सुरू होतो. तेथून पुरी अवघी ६० किलोमीटर, दीड तासाची वाट. आम्हीं तिला तीन दिवस दिले.

शहराबाहेर ८ किलोमीटरांवर दया नदीच्या कांठीं धौलीची टेकडी आहे. बहुतेक मोटारी माथ्यावरच्या पांढऱ्या शांतिस्तूपाकडे धांवतात. तो जपानी बौद्धांच्या साहाय्यानें १९७२ मध्यें उभा राहिला. परंतु पाहण्यासारखें आहे तें खालींच. एका खडकाच्या माथ्यावर हत्तीचा पुढचा अर्धा देह कोरला आहे. हत्ती दगडांतून नुकताच बाहेर पडत आहे असें वाटतें. आपल्या देशांतील अतिप्राचीन शिल्पांत त्याची गणना होते. त्याच खडकावर अशोकाचे लेख आहेत. किट्टो नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें ते १८३७ मध्यें उजेडांत आणले. कलिंगाच्या युद्धांत एक लक्ष माणसें मेलीं व दीड लक्ष कैद करून नेलीं, ही कबुली अशोकानें आपल्या तेराव्या लेखांत दिली आहे हें सर्वांस ठाऊक असतें. तो तेरावा लेख गिरनार, शाहबाजगढी येथें आहे. ज्या भूमीवर तें घडलें त्या कलिंगांत मात्र नाहीं. येथें त्याच्या जागीं दोन निराळे लेख आहेत. त्यांत स्थानिक अधिकाऱ्यांस बजावलें आहे कीं, सर्व माणसें माझीं लेंकरें होत, कोणासही विनाकारण बंदींत टाकूं नये. जिंकलेल्या लोकांपुढें मेलेल्यांचा आकडा वाचून दाखविण्यापेक्षां आपल्या अंमलदारांचे कान उपटणें त्या राजास अधिक योग्य वाटलें असावें, असा माझा तर्क आहे.

पुढें पिपिली. नवा रस्ता गांवास वळसा घालून जातो, म्हणून गाडी मुद्दाम आंत घालावी. दोन्ही बाजूंस दुकानांतून रंगीबेरंगी छत्र्या, छतें, कंदील लोंबत असतात. एका रंगाच्या कापडावर दुसऱ्या रंगाच्या कापडाचे मोर, हत्ती, कमळें कातरून टांकणें ही येथील शिंप्यांची विद्या. आज ती प्रवाशांच्या दिवाणखान्यांसाठीं चालते. मूळ ती देवाच्या छत्राचांदव्यासाठीं आणि रथांसाठीं. रथयात्रेच्या तीन रथांचे रंग ठरलेले आहेत: जगन्नाथाचा नंदिघोष तांबडा-पिवळा, चाकें १६, बलभद्राचा तालध्वज तांबडा-हिरवा, चाकें १४, सुभद्रेचा दर्पदलन तांबडा-काळा, चाकें १२. आमच्या मंडळींनीं देव्हाऱ्यासाठीं एक लहान छत घेतलें. तांबडें-पिवळें.

पिपिलीहून एक रस्ता सरळ पुरीस जातो व दुसरा डावीकडे निमापाडा, गोप या गांवांवरून कोणार्कास. आम्ही दुसऱ्यानें गेलों, आणि सायंकाळीं पोहोंचलों तेव्हां सप्तमीची गर्दी लोटूं लागलीच होती. हजारों कुटुंबें वळकट्या, चुली व पोरेंबाळें घेऊन समुद्राकडे चाललीं होतीं. रात्र वाळूवर जागून काढावी आणि उजाडण्यापूर्वीं स्नान करावें अशी रीत आहे. कथा अशी कीं, श्रीकृष्णाचा पुत्र सांब कुष्ठरोगी झाला. त्यानें चंद्रभागेच्या तीरीं १२ वर्षें सूर्याची आराधना केली व तो बरा झाला. पुराणांतील चंद्रभागा म्हणजे पंजाबांतील चिनाब. कथा तेथून या किनाऱ्यावर आली. आणि आपली पंढरपूरची आहेच. इकडील चंद्रभागा नदी म्हणून उरलेली नाहीं. समुद्राजवळ एक उथळ तळें तेवढें आहे. वहिनींना तें पाहून थोडें वाईट वाटलें. तरी पहाटेच्या काळोखांत, नातीचा हात धरून, गुडघाभर पाण्यांत त्या उतरल्या आणि पिशवींतून सात रुईचीं पानें काढून त्यांनीं डोक्यावर ठेवलीं. नागपूरहून निघतांना ओल्या फडक्यांत गुंडाळून आणलीं होतीं; आम्हां कोणास पत्ता नव्हता. रुईला संस्कृतांत 'अर्क' म्हणतात आणि सूर्यालाही 'अर्क'. कोण अधिक अर्क तो कोणार्क, हा सवर्णदीर्घ संधि मीं कित्येक वर्षें फळ्यावर लिहिला, पण त्याचा असा प्रयोग पाहिला तो त्या दिवशींच.

सूर्य वर आल्यावर देवळांत गेलों. गंगवंशाच्या पहिल्या नरसिंहदेवानें तेराव्या शतकाच्या मध्यास हें मंदिर रथाच्या आकाराचें बांधलें: २४ चाकें, ७ घोडे, आणि एकेक चाक पुरुषभर उंचीच्याही वर. दहा रुपयांच्या नव्या नोटेवर जें चाक आहे तें येथलेंच. घरीं रथसप्तमीस वहिनी सूर्याचा रथ रांगोळीनें काढतात व अंगणांत दूध उतूं घालवतात. त्यांनीं घोडे मोजले, चाकें मोजलीं, आणि विचारलें, "भाऊजी, सूर्याच्या रथाला चाक एकच ना?" प्रश्न बिनतोड होता. शास्त्रांत तो रथ एकचक्रच सांगितला आहे. येथील वाटाडे २४ पक्षांचें गणित सांगतात. मला वाटतें, स्थपतीनें पुराणापेक्षां ओझ्याचा विचार अधिक केला.

भिंतींवर मिथुनशिल्पें आहेत. त्यांविषयीं कुटुंबासह जाणाऱ्यांच्या मनांत संकोच असतो. आमच्या नातीनें तीं जशीं हत्तींच्या रांगा पाहिल्या तशींच पाहिलीं, वहीत रेघा ओढल्या, आणि पुढें गेली. आम्हीही गेलों.

मुख्य शिखर मात्र नाहीं. १८३७ मध्यें फर्ग्युसन या विद्वानानें त्याचा एक उंच तुकडा उभा पाहिला होता. १८४८ च्या वादळांत तोही गेला. पुढचा जगमोहन कोसळूं नये म्हणून १९०३ मध्यें आंत वाळू भरून दारें चिणण्यांत आलीं. दारावरील नवग्रहांची प्रचंड शिळा कलकत्त्यास नेण्याचा खटाटोप इंग्रजी अमलांत झाला. ती थोड्याच अंतरावर सोडून द्यावी लागली. आज ती शेजारच्या एका लहान घरांत आहे व तिची पूजा होते. देवळांत देव नाहीं, आणि दारावरच्या पट्टीला फुलें, असा तो प्रकार आहे.

कोणार्कासमोरील एक वस्तु मात्र नेणाऱ्यांना नेतां आली, आणि नेणारे आपले लोक होते. पूर्वेस सूर्याच्या सारथ्याचा, अरुणाचा, स्तंभ होता. अठराव्या शतकांत, मराठ्यांच्या अमलांत, तो येथून हलवून पुरीच्या सिंहद्वारापुढें उभा केला. पूजा बंद पडून ओस झालेल्या जागीं तो कशास ठेवावा, असा विचार असेल. नातीनें विचारलें, "पण आजोबा, सारथीच नेला तर रथ चालणार कसा?" मीं तिला सांगितलें कीं स्तंभ पाहिल्यावर बोलूं.

कोणार्क ते पुरी ३५ किलोमीटर, समुद्राच्या कडेनें. सुरूंचें बन, वाळू, मध्येंच पाण्याची निळी पट्टी. ३ मे १९१९ नव्हे, अगदीं अलीकडे, ३ मे २०१९ रोजीं 'फनी' नांवाचें चक्रीवादळ पुरीजवळच किनाऱ्यावर चढलें, आणि या बनांतील असंख्य झाडें एका दिवसांत आडवीं झालीं.

पुरींत आम्ही प्रथम सिंहद्वारापाशीं गेलों. स्तंभ एकसंध काळसर दगडाचा, १६ पैलूंचा, सुमारे ३३ फूट उंच. माथ्यावर हात जोडलेला अरुण. यात्रेकरू त्याला मिठी मारतात, कपाळ टेकतात. मीं पुष्कळ वेळ पाहत उभा राहिलों. एवढा दगड वाळूंतून, नद्यांवरून, बैल व दोर यांच्या बळावर न मोडतां येथवर आणणें हें लहान काम नव्हे, आणि ज्यांनीं आणला त्यांनीं तो भक्तीनेंच आणला यांत मला शंका नाहीं. तरी कोणार्कांतील त्याची मोकळी जागा पाहून आलेल्या मराठी माणसास येथें निर्भेळ आनंद होत नाहीं. आपल्याच अमलांत यात्रेकरूंवर करही होता; तो इंग्रजांनीं पुढें चालविला व १८४० मध्यें उठविला. नात म्हणाली, "इथें निदान त्याला रोज माणसें भेटतात." यावर मला उत्तर सुचलें नाहीं.

देवळाचा आरंभ बाराव्या शतकांत अनंतवर्मा चोडगंगदेवानें केला. उंची सुमारे २१४ फूट. म्हणजे कोणार्काहून हें शंभर वर्षांनीं वडील. मग थोरलें उभें आणि धाकटें कोसळलें हें कसें? वाळूची जमीन, समुद्राचा वारा, वीज, आक्रमणें अशीं कारणें विद्वान् सांगतात, आणि तीं खरींही असतील. पुरींत दोन दिवस हिंडल्यावर मला आणखी एक कारण दिसूं लागलें. येथें कांहींच एकदां करून ठेवलेलें नाहीं. शिखरावरची ध्वजा रोज बदलते. एक सेवक दिवस मावळतांना दोरीवांचून शिखर चढतो. नैवेद्याचीं मातीचीं मडकीं एकदांच वापरायचीं. तिन्ही रथ दरवर्षीं अक्षय्यतृतीयेपासून नव्या लांकडांचे घडतात. देवांच्या मूर्तिही लांकडाच्या, आणि अधिक आषाढ येतो अशा ठराविक वर्षीं त्या नव्या होतात. अलीकडे तसें १९९६ व २०१५ मध्यें झालें. ज्या गोष्टीला रोज हात लागतो तिची गळती रोज बुजते. गाणेंही तसेंच: देवापुढें गीतगोविंद म्हणावा असा प्रतापरुद्रदेवाचा १४९९ चा शिलालेख देवळांत आहे, आणि जयदेवाचें तें काव्य ओडिशाच्या नृत्यांत व कंठांत अजून ताजें आहे.

दर्शनाचें वर्णन करीत नाहीं. तें ज्याचें त्यानें घ्यावें. महाप्रसादाविषयीं मात्र सांगितलें पाहिजे. आनंदबाजारांत मडक्यांतील भात, डाळ, भाज्या विकत मिळतात, आणि तेथें जातिभेद नाहीं. ज्याच्या शेजारीं जागा त्याच्या शेजारीं बसून खावें. वहिनी आजन्म सोंवळ्यांत स्वयंपाक केलेल्या. त्या क्षणभर उभ्या राहिल्या. शेजारीं एक कोळीण बसली होती. तिनें आपलें मडकें सरकवून जागा करून दिली. वहिनी बसल्या, आणि त्या बाईच्या मडक्यांतला घांस तिनें पुढें केला तो त्यांनीं घेतला. नंतर मला एवढेंच म्हणाल्या, "डाळीला हिंग नव्हता, पण चव होती."

समुद्र येथें देखणा आहे आणि दांडगा आहे. नोलिया म्हणजे तेलुगुभाषी कोळी; टोंकदार टोपी घातलेल्या नोलियाचा हात धरल्याशिवाय वृद्धांनीं पाण्यांत उतरूं नये. वाळूवर ओल्या वाळूचीं प्रचंड शिल्पें घडविणारे कारागीर बसतात. सुदर्शन पटनायक यांनीं ही कला जगापुढें नेली व २०१४ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली. भक्तकवि बलरामदासास रथावरून उतरवून दिलें तेव्हां त्यानें किनाऱ्यावर वाळूचाच रथ रचला, असें तेथें सांगतात. आम्हीं पाहिलेलें शिल्प रात्रीं लाटेनें नेलें.

परततांना चंदनपुराजवळ, पुरीपासून १२ किलोमीटरांवर, रघुराजपूरचा फांटा लागतो. पुतण्यानें गाडी थांबवून आईकडे पाहिलें. "घे आंत," वहिनी म्हणाल्या, "पोरगी तोंड पाडून बसली आहे."

भार्गवी नदीजवळ नारळींत वसलेला हा गांव. मध्यें लहान देवळांची ओळ, दोहों बाजूंस घरें, आणि प्रत्येक घराच्या ओट्यावर कोणी तरी रंगवीत बसलेलें. ओडिसी नृत्याचे थोर गुरु केलुचरण महापात्र यांचा जन्म १९२६ मध्यें येथेंच झाला. एका वृद्ध चित्रकारानें आम्हांस ओट्यावर बसविलें. जुनें सुती कापड चिंचोक्याच्या खळीनें एकावर एक चिकटवावें, खडूची भुकटी व खळ यांचा लेप द्यावा, गुळगुळीत दगडानें घोंटून चामड्यासारखें करावें. मग शंखाचा पांढरा, हिंगुळाचा तांबडा, हरताळाचा पिवळा, दिव्याच्या काजळीचा काळा. शेजारीं त्याची सून ताडपत्रावर लोखंडी लेखणीनें रेघा कोरून त्यांत काजळी भरीत होती. पोथ्या अशाच लिहीत. सरळ रेघेनें पान फाटतें, म्हणून उडिया अक्षरें वाटोळीं झालीं असें म्हणतात.

वहिनी आतांपर्यंत नुसत्या बसल्या होत्या. त्यांनीं भिंतीवरील एका चित्राकडे बोट केलें. तो हिंदींत सांगूं लागला: ज्येष्ठी पौर्णिमेस देवांना १०८ घागरींचें स्नान होतें, त्यांना ताप भरतो, आणि पुढें पंधरवडाभर त्यांचें दर्शन बंद. त्या दिवसांत त्यांच्या जागीं तीन चित्रें लावतात. ती अणसर-पट्टी. तीं रंगवीत असतां चित्रकार व्रतस्थ राहतो, हविष्यान्न खातो.

"म्हणजे तेवढे दिवस देव म्हणजे हें चित्रच?"

"हां, मा. पूजा त्याचीच."

वहिनी ओट्यावर सरकून जवळ बसल्या आणि त्याचा हात चालतांना पाहूं लागल्या. अर्धा तास त्या उठल्या नाहींत.

नातीला मिळाल्या गंजिफा. वाटोळीं, हातानें रंगविलेलीं पानें; उडियांत गंजप्पा. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचीं प्रत्येकीं १२ मिळून १२० पानें असतात, तशीं येथेंही असतात. मात्र नवव्या अवताराच्या जागीं येथें बहुधा जगन्नाथ. जयदेवानें तेथें बुद्ध गायिला आहे, आणि आपल्या जुन्या पंचांगांतून व चित्रांतून त्याच जागीं विठोबा उभा असे. हें ऐकून चित्रकार हंसला व विठोबा कसा उभा राहतो तें त्यानें विचारलें. वहिनींनीं उठून, कमरेवर हात ठेवून, उभें राहून दाखविलें. नातीच्या वहींत तें चित्र त्यानें चार रेघांत काढून दिलें.

या कलेला पडता काळ येऊन गेला आहे. गेल्या शतकाच्या मध्यास पुष्कळांनीं कुंचला टाकून शेती-मजुरी धरली होती. १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत हलीना झीली या परदेशी बाईंनीं चित्रकारांना पुन्हा बसतें केलें. 'फनी'च्या वादळांत घरांबरोबर चित्रेंही भिजून गेलीं. आतां धोका छापील नकलांचा आहे. खरी पट्टी हातास कडक लागते, मागील बाजूस कापडाची वीण दिसते, आणि कडेच्या वेलबुट्टींतील दोन पानें कधींच तंतोतंत सारखीं नसतात. मेथीच्या जुडीवर चार आणे सोडवून घेणाऱ्या आमच्या वहिनींनीं एक लहान अणसर-पट्टी घेतली, आणि किंमत ऐकून चकार शब्द काढला नाहीं.

जाणाऱ्यांनीं कार्तिक ते माघ या दिवसांत जावें. डिसेंबरच्या आरंभीं कोणार्कास नृत्याचा उत्सव असतो. रथयात्रेच्या वेळीं मोटार नेऊं नये. देवळांत केवळ हिंदूंना प्रवेश आहे. चामड्याच्या वस्तु व मोबाइल बाहेर ठेवावे लागतात, आणि १ जानेवारी २०२४ पासून पोशाखाचाही नियम आहे. रघुराजपुरास सकाळीं जावें, तेव्हां उजेडांत काम चालूं असतें. घेतलेलें चित्र घडी घालून ठेवूं नये, रंग तडकतो. पुठ्ठ्याची नळी घरूनच न्यावी, आणि रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळावें.